स्टीअरिंग चिकट का होतं? (आणि मी बाबांचं स्टीअरिंग कसं बिघडवलं)

बाबा टुरिस्ट गाडी चालवतात. नालासोपाऱ्याहून पहाटे विमानतळाचं भाडं, परतीला मिळालं तर मिळालं, आणि मधे वर्सोव्याच्या खाडीपुलाजवळ ट्रॅफिकमध्ये जाईल तेवढा वेळ. मागच्या उन्हाळ्यात एकदा त्यांच्या शेजारी बसले, तर स्टीअरिंगला जुना नॅपकिन गुंडाळलेला दिसला.

"हे काय?"

"हात काळे होतात गं. परवा एका पॅसेंजरच्या पांढऱ्या बॅगेला डाग लागला. ऐकून घ्यावं लागलं."

माझा पीएचडीचा विषय पॉलियुरेथेनचे पातळ थर, म्हणजे कोटिंग, दमट हवेत कसे खराब होतात हा आहे. बाबांचे हात जे काळे करत होतं ते नेमकं पॉलियुरेथेनच होतं. तेव्हा मी फुशारकीने म्हटलं, "द्या, मी करते साफ." लॅबमध्ये काच पुसायला आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, तेच कापसावर घेतलं आणि घासलं. कापूस काळाकुट्ट झाला, स्टीअरिंग कोरडं आणि स्वच्छ दिसायला लागलं. बाबा खूश, मी त्याहून खूश. पाचव्या दिवशी ते आधीपेक्षा जास्त चिकट झालं होतं आणि हात ठेवायच्या दोन्ही जागी खालचा फिकट फोम डोकावत होता.

माझं काय चुकलं ते सांगते, म्हणजे तुमचं चुकणार नाही.

आत काय असतं?

साध्या गाडीच्या स्टीअरिंगमध्ये आत धातूची चौकट असते आणि तिच्याभोवती साच्यात ओतलेला पॉलियुरेथेनचा फोम. साच्याच्या भिंतीला टेकलेला भाग घट्ट होऊन कातडीसारखा बनतो, आतला भाग सच्छिद्र राहतो. अशा फोमला ऊन लागलं की तो पिवळा पडतो, म्हणून वरून बऱ्याचदा रंगीत संरक्षक थर दिलेला असतो. महागड्या गाडीत फोमवर चामडं शिवतात, पण त्या चामड्यावरही शेवटचा पारदर्शक थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचाच असतो. म्हणजे "लेदर स्टीअरिंग" धरताना तुमचा हात चामड्याला फारसा लागतच नाही.

पॉलियुरेथेन 1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं. गादीपासून बुटाच्या तळव्यापर्यंत ते सगळीकडे आहे. बूट मुद्दाम म्हणतेय. लग्नासाठी घेतलेले, दोनदाच घातलेले बूट तीन-चार पावसाळ्यांनी कपाटातून काढले आणि चालता चालता तळव्याचा भुगा झाला, असं तुमच्याकडे कधी झालंय का? न वापरता बूट खराब कसे झाले म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. खरा कारभार हवेतल्या पाण्याचा असतो.

पाणी बंध कसे तोडतं?

पॉलियुरेथेनच्या एका मोठ्या गटात लांब साखळ्यांमध्ये एस्टर नावाचे बंध असतात. हवेतली वाफ आत शिरते आणि हे बंध एकेक करून तोडते. याला जलापघटन म्हणतात. साखळी तुटली की तिचे तुकडे आखूड होतात, आणि आखूड साखळ्या घट्ट राहत नाहीत, त्या मऊ आणि चिकट होतात. गुळाचा खडा पावसाळ्यात पाझरतो तसं दिसतं. फरक एवढाच, की गूळ पुन्हा आटवता येतो.

यातली वाईट गोष्ट पुढे आहे. एस्टर बंध तुटला की तिथे एक आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढचे बंध तोडायचा वेग वाढवतं. म्हणजे बिघाड स्वतःच स्वतःला खतपाणी घालतो. लॅबमध्ये आम्ही नमुने 70 अंश सेल्सिअस आणि 95 टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवतो. या क्षेत्रात त्याला जंगल टेस्ट म्हणतात. पहिले काही आठवडे आलेख जवळजवळ सपाट असतो, काहीच होत नाहीये असं वाटतं. मग तो अचानक कोसळतो. "कालपर्यंत तर बरं होतं" ही गाडीवाल्यांची तक्रार म्हणूनच अगदी खरी असते.

आता आपली वसई बघा. जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांपर्यंत सहज तापू शकतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. आमच्या पेटीत जे आम्ही मुद्दाम करतो, ते इथल्या पार्किंगमध्ये हप्त्याहप्त्याने फुकट होतं.

त्यात हाताची भर. त्वचेच्या तेलातली मेदाम्लं थरात मुरतात आणि त्याला मऊ करतात. सनस्क्रीनही तसंच. आणि 2020 पासून सॅनिटायझर. बाबा प्रत्येक भाड्यानंतर स्टीअरिंगवर फवारा मारायचे, तेव्हा ते आवश्यकच वाटत होतं. अल्कोहोलमुळे हा थर फुगतो आणि त्याची पकड सैल होते. आधीच अर्धमेल्या झालेल्या थरावर मी 99 टक्के अल्कोहोल घासलं. मला वाटलं मी मळ काढतेय. मी स्टीअरिंगच काढत होते.

आधी ओळखा: मळ की थर?

सगळी गोष्ट इथेच ठरते. स्वच्छ पांढरं सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि एकाच जागी पुसा. कापडावर तपकिरी-करडं आलं, आणि चार-पाच वेळा पुसल्यावर ते कमी होत जाऊन खालचा भाग कोरडा लागला, तर तो मळ आहे. गॅसमागच्या टाइल्सवर फोडणीचं तेल बसून चिवट होतं, तसंच हाताचं तेल इथे बसलेलं असतं. पण प्रत्येक वेळी स्टीअरिंगच्याच रंगाचं काळं येत राहिलं, चिकटपणा गेला नाही आणि नखाने हलकं दाबल्यावर खूण राहिली, तर थर तुटतोय. तिथेच थांबा.

मळ असेल तर बातमी चांगली आहे. चामड्याचं स्टीअरिंग चकाकायला लागलं की लोक "झिजलं" म्हणतात, पण पुष्कळदा ती चकाकी मळाचीच असते. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लहान मुलांचा शाम्पू घाला. कापड त्यात बुडवून पिळा, मऊ टूथब्रशने खाचा हलक्या हाताने घासा, साध्या ओल्या कापडाने दोनदा पुसून कोरडं करा. स्टीअरिंगवर थेट फवारा मारू नका. आत हॉर्नचं वायरिंग आणि एअरबॅग असते. ती मधली पट्टी उघडायचा मोह तर अजिबात नको.

कपड्याचा साबण का नको? एक, तो अल्कधर्मी असतो आणि चामड्याला ते मानवत नाही. दुसरं कारण आपल्या भागाचं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारी साय बनते, आणि काळ्या प्लॅस्टिकवर तिचे पांढरे पट्टे उठतात. शाम्पूतल्या डिटर्जंटला हा त्रास फारसा होत नाही. शेवटच्या पुसण्याला फिल्टरचं पाणी वापरा.

घासून पांढरं करणारे "मॅजिक" स्पंजही नकोत. तो मेलामाइनचा फोम असतो आणि बारीक पॉलिश पेपरसारखा खरवडतो. मळाबरोबर थरही जातो.

डॅशबोर्ड आणि दारं

दारावरचं काळं प्लॅस्टिक उन्हाने पांढुरकं पडतं, कारण पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. वसई किल्ल्याच्या भिंती उन्हाळ्यात करड्या आणि पावसात काळ्या दिसतात, ते आठवा. दगड तोच, पाण्याने फक्त खाचा भरलेल्या असतात. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन तेल तेवढंच काम करतं, म्हणून ते टिकत नाही. दारांना लावायला हरकत नाही. डॅशबोर्डवर अगदी थोडं, नाहीतर काचेत झगझगीत प्रतिबिंब पडतं. स्टीअरिंग आणि पेडलला कधीही नाही. घाटात वळण घेताना हात घसरला तर चमकणारी गाडी काय कामाची?

बटणं किंवा हँडलवरचा मखमली रंग चिकट झाला असेल, तर तो पूर्ण काढून खालचं कडक प्लॅस्टिक उघडं करता येतं. इथे मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल कामाचं आहे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. बटणांवरची चिन्हंही निघून जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात बहुधा अॅसिटोन असतं आणि एबीएस प्लॅस्टिक त्यात चक्क विरघळतं.

आणि थर तुटलाच असेल तर?

तुटलेल्या साखळ्या कुठल्याही क्रीमने जुळत नाहीत. चामड्यावर कारागीर जुना थर घासून, भेगा भरून, रंग आणि नवा थर देऊ शकतो. फोमच पाझरत असेल तर वरून रंग देणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना लावणं. त्यावर उपाय दोन: स्टीअरिंग बदलणं किंवा घट्ट शिवलेलं कव्हर. शिवलेलंच घ्या, नुसतं चढवायचं सैल कव्हर फिरतं, आणि बाबांचा नॅपकिन तर त्याहून धोक्याचा होता.

आम्ही सीट कव्हर शिवणाऱ्याकडे गेलो. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "यावर काय ओतलं?" मी गप्प. बाबा म्हणाले, "आमच्या पोरीने प्रयोग केला." दीड तासात दोन सुयांनी त्याने कव्हर शिवलं, टाके आतल्या बाजूने, बोटाला लागणार नाहीत असे. परत येताना बाबांनी नॅपकिन घडी करून डिकीत ठेवला. टाकून का दिला नाही, ते मी विचारलं नाही.

आता दुपारी गाडी उभी करताना ते स्टीअरिंगवर पांढरं कापड टाकतात, सॅनिटायझर हाताला लावून तो वाळू देतात आणि महिन्यातून एकदा शाम्पूच्या पाण्याने पुसतात. कापूस मात्र मला देत नाहीत.