शिरपामाळचा उतार आणि आपले ब्रेक: पार्ट घेताना पैसे कुठे घालायचे?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोललोय तसंच ठेवलंय, त्यामुळे भाषा सांभाळून घ्या.

तर, शिरपामाळ. जव्हार शहराला लागूनच ही जागा आहे. 1664 मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, म्हणून हे नाव, असं इथे सांगतात. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, जव्हार उंचावर आहे. चढून आलात की उतरावं लागणारच.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी तिथून विक्रमगडच्या बाजूला उतरत होतो. महिनाभर पैसे साठवून नवा मागचा डिरेलर बसवला होता. गिअर कसे लोण्यासारखे पडत होते! आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर ब्रेकचा लिव्हर थेट हँडलला टेकला. मागून खर्रर्र आवाज. पॅड संपले होते, लोखंडावर लोखंड घासत होतं. पाय रोवत, गवतात घुसून कसाबसा थांबलो. रस्त्याकडेच्या चहावाल्या काकांनी सायकलकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरा, आता उतरून चालत जा." गेलो चालत. काय करणार?

त्या दिवसापासून माझा नियम एकच: आधी थांबवणारे पार्ट, मग धरून ठेवणारे, मग पळवणारे. म्हणजे ब्रेक, टायर, चेन. डिरेलर सगळ्यात शेवटी.

ब्रेकवर एवढा भर का?

साधा हिशोब बघा. तुम्ही आणि सायकल मिळून 90 किलो, आणि उतरलात 300 मीटर. एवढ्या ऊर्जेत जवळपास एक लिटर पाणी उकळेल. थोडी ऊर्जा हवा खाते, बाकीची बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

माउंटन बायकिंगच्या जन्मापासून ही कटकट आहे. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून पळवायची. उलटं पेडल मारून लागणारे ब्रेक, ते इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर ग्रीस परत भरायला लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'.

आता डिस्क पॅड. दोन मुख्य प्रकार: रेझिन आणि मेटल. रेझिन मऊ, आवाज कमी, थंड असतानाही लगेच पकडतो. पण पावसात, लाल चिखलात भराभर झिजतो. मेटल जास्त टिकतो, उष्णता सहन करतो; फक्त ओला झाला की किंचाळतो. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात मी मेटलच घेईन. पण थांबा! आधी रोटर बघा. शिमानोच्या काही स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं लिहिलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावलात तर रोटरच खाल्ला जातो. मी हीपण चूक केलीय, म्हणून सांगतोय. मेटल हवा असेल तर रोटरही बदलायचा.

पॅडवरचा घासणारा थर 1 मिलिमीटरच्या खाली आला की बदला. मोबाईलचा टॉर्च मारून वरून बघितलं तरी दिसतं. चेनला स्प्रे मारताना रोटरवर थेंबही उडू देऊ नका, कारण पॅडने एकदा तेल प्यायलं की तो गेलाच. आणि उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग कमी करा, सोडा. तेवढ्यात रोटरला वारा लागतो.

टायर

'27.5' बघून टायर ऑर्डर करताय? कडेला आणखी एक आकडा असतो, तो जुळवा: 26 इंचाला 559, 27.5 ला 584, 29 ला 622. हा आकडा रिमच्या मापाचा, इथे फसगत होत नाही. हवा किती, तेही तिथेच छापलेलं असतं. कच्च्या रस्त्यावर त्या मर्यादेत थोडी कमी ठेवली की पकड वाढते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. करवंदीचा काटा आत राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

चेन

शाळेतली इंचाची पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य लावा. नवी चेन असेल तर 12 इंचांवर बरोबर पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे सरकला की चेन बदला. एक अष्टमांश झाला तर मागचे दातेपण झिजलेले असणार, म्हणजे खर्च वाढला. वेळेवर बदललेली चेन सगळ्यात स्वस्त पडते.

मागचे दाते घेतानाही विचारा: कॅसेट की फ्रीव्हील? आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त सात-स्पीड सायकलींना मळसूत्राने बसणारं फ्रीव्हील असतं. त्या हबवर कॅसेट बसत नाही.

बॅगेत काय?

ट्यूब, पंप, ॲलन की, एक मिसिंग लिंक आणि तुमच्या फ्रेमचा जादा हँगर. डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती हँगर. प्रत्येक फ्रेमची वेगळी, त्यामुळे मोखाड्यात वाकली तर तिथल्या दुकानात तुमची मिळेल अशी आशा ठेवू नका. आणि घरी आल्यावर गाडी धुतात तशी प्रेशरच्या पंपाने सायकल धुऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस बाहेर. बादली आणि जुना ब्रश पुरे.

माझा तो महागडा डिरेलर अजून मस्त चालतो. पण घाटाच्या माथ्यावर थांबलो की आता हात आधी ब्रेकवर जातो. पुढच्या रविवारी निघण्याआधी तुम्हीपण एक काम करा: टॉर्च मारा, पॅड बघा. मगच निघा.

भेटू पुढच्या भागात!