‘ऑपरेशन करून बारीक झाली’ म्हणण्याआधी

लग्नाच्या हॉलमध्ये दीड वर्षानं भेटलेली बाई पटकन ओळखू येत नाही. तीस-पस्तीस किलो वजन उतरलेलं असतं. चारजणी कौतुकानं भोवती जमतात, ‘कसली बारीक झालीस गं!’ म्हणतात, आणि ती ताट घ्यायला वळली की मागून दबक्या आवाजात येतं, ‘ऑपरेशन केलंय तिनं. त्यात काय मोठंसं?’ या वाक्याच्या धास्तीनं कितीतरी जण ऑपरेशन लपवतात. पित्ताशयाचं आहे, हर्नियाचं आहे असं सांगून दवाखान्यात दाखल होतात.

त्या एका वाक्यात दोन समजुती आहेत. वजनाचं ऑपरेशन म्हणजे पळवाट, आणि ते झालं की काम संपलं. पहिलीमुळे खरी गरज असलेली माणसं वर्षानुवर्षं सर्जनपर्यंत पोचत नाहीत. दुसरीमुळे पोचलेली माणसं दोन-तीन वर्षांनी गोळ्या आणि तपासण्या सोडून देतात आणि अडचणीत येतात. मला दुसरीची काळजी जास्त वाटते, पण सुरुवात अगदी पायापासून करायला हवी.

‘पोटावरची चरबी काढतात ना?’

नाही. चरबी शोषून काढणं म्हणजे लायपोसक्शन. ते प्लास्टिक सर्जनचं, शरीराला आकार देण्याचं काम. लठ्ठपणाच्या आजारावर ते उपचार नव्हे. बॅरिॲट्रिक सर्जरीत बदल होतो तो जठरात आणि लहान आतड्यात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आत तसंच असतं, पण अन्न त्या वाटेनं जात नाही. दोन्ही ऑपरेशनं बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतात.

पोट लहान झालं म्हणून कमी खाल्लं जातं, एवढाच हिशेब लोक मांडतात. तो अर्धाच आहे. स्लीव्हमध्ये जठराचा घुमटासारखा वरचा भाग निघतो, आणि घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचू लागल्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं जेवणानंतर जास्त स्रवतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला तीच देतात. म्हणून ऑपरेशननंतर पहिले काही महिने माणसं सांगतात की भूकच लागत नाही, घड्याळ बघून खावं लागतं. ज्यांनी आयुष्यभर भुकेशी झगडा केला, त्यांना हा अनुभव चकित करणारा असतो.

‘जिभेवर ताबा असता तर ही वेळ आली नसती’

सगळ्यात जास्त दुखावणारी समजूत ही. लठ्ठ माणसानं आयुष्यात जितकी डाएटं केलेली असतात, तितकी त्याला नावं ठेवणाऱ्यांनी क्वचितच केलेली असतात. वजन उतरतंही. राहत मात्र नाही, आणि त्याचं कारण शरीरातच आहे.

अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा वजन घटवण्याचा टीव्ही कार्यक्रम होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. दोन-तीन भाकऱ्यांची ऊर्जा शरीर रोज वाचवत होतं, तीही सहा वर्षांनंतर. एकदा वाढलेलं वजन हेच आपलं खरं वजन असं शरीर धरून बसतं आणि ते राखण्यासाठी भूक वाढवतं, खर्च कमी करतं. निश्चयाच्या जोरावर काही जण यावर मात करतात, त्यांचं कौतुकच आहे. पण ज्यांना जमत नाही त्यांना आळशी ठरवणं हा अन्याय आहे.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक अभ्यास इथे फार मोलाचा आहे. ऑपरेशन केलेले दोन हजारांवर लोक आणि तितकेच नेहमीचे उपचार घेणारे लठ्ठ लोक, अशा दोन गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. २००७ साली आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांच्या गटाचं सरासरी वजन जिथल्या तिथेच होतं. बायपास झालेल्यांचं वजन दहा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. ऑपरेशनच्या गटात मृत्यूही सुमारे २४ टक्के कमी झाले.

‘एवढी काही जाड नाही ती’

ऑपरेशन कुणाला सुचवायचं हे डोळ्यांनी ठरत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. आपल्याकडे त्याच्या मर्यादा युरोप-अमेरिकेपेक्षा खाली धरतात, आणि त्यामागचं एक कारण पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे दोघांच्या फोटोसह छापून आलं. भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसूनही आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो. मधुमेह आणि हृदयविकार त्याला कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात.

म्हणून भारतातले सर्जन बीएमआय ३७.५ झाला की, किंवा ३२.५ असून मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा आजार जोडीला असेल तर, ऑपरेशनचा विचार करत आले आहेत. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईसाठी हे आकडे साधारण ९६ आणि ८३ किलो होतात. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ पासूनचे निकष बदलले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं म्हटलं.

विमा मात्र वेगळ्या मोजपट्टीनं चालतो. भारतीय विमा नियामकाच्या ठरीव कलमानुसार हे ऑपरेशन विम्यात बसण्यासाठी वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० तरी हवा. नाहीतर ३५ असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह हवा, आणि साधे उपाय आधी करून फसलेले असावेत. म्हणजे त्याच बाईला डॉक्टर ८३ किलोवर ऑपरेशन सुचवू शकतात आणि विमा ९० किलोंची वाट बघतो. ही विसंगती मला पटत नाही. पण दाखल होण्याआधी पॉलिसी उघडून हे कलम आणि प्रतीक्षाकाळ वाचून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नको.

‘मधुमेह कायमचा जातो’

जाहिरातींनी हा समज पसरवला आहे. टाइप २ मधुमेहात ऑपरेशनचा फायदा खरोखर मोठा आहे, अनेकांची साखर तर वजन फारसं उतरण्याआधी, काही दिवसांतच खाली येते. पण आकडे नीट बघावेत. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ या चाचणीत १५० मधुमेही होते. पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली आणता आली ती फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांना, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्क्यांना आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्क्यांना. फरक प्रचंड आहे, तरी तो शंभर टक्के नाही. मधुमेह नवा असेल तर यश जास्त मिळतं. वीस वर्षांचा जुना आणि इन्सुलिनवर असलेला असेल तर कमी, कारण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच तोवर थकलेल्या असतात. शांत झालेली साखर पुढे पुन्हा वाढूही शकते. टाइप १ मधुमेह ऑपरेशननं जात नाही.

‘जिवावरचं ऑपरेशन आहे’

अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या ४,७७६ रुग्णांच्या २००९ सालच्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांत मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. आता चांगल्या केंद्रांत ते त्याहून कमी आहे. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ हे धोके खरे आहेत, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ताप, फार वाढलेली नाडी, धाप किंवा पोटरीची सूज दिसली तर उद्यावर ढकलू नये. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात, त्यानं यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. तो चोरून मोडू नका. ज्यांना आधीच खूप जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा तो स्लीव्हनंतर वाढू शकतो. त्यांनी बायपासबद्दल मुद्दाम विचारावं.

‘आता इंजेक्शनं आलीत, कापाकापी कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. भारतात २०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही आली. चाचण्यांत वेगोव्हीनं सरासरी सुमारे १५ टक्के, मौंजारोच्या मोठ्या मात्रेनं सुमारे २१ टक्के वजन उतरलं. अनेकांना तेवढं पुरेल. पण वेगोव्हीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. इंजेक्शन लांबवर घेत राहण्याची तयारी आणि ऐपत, दोन्हींचा हिशेब आधी करावा.

‘एकदा झालं की सुटलो’

इथे मला थांबून लिहायचं आहे.

पहिले दोन आठवडे वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा आठवड्यांच्या आसपास साधं जेवण. जेवण म्हणजे एक छोटी वाटी, वीस-पंचवीस मिनिटं चावून. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं. आपल्या ताटाची रीतही उलटी होते. आपण वरणभातानं सुरुवात करतो. इथे आधी अंडं, मासे, पनीर, मोड आलेली उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भाकरी. कारण रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि वाटीभर पातळ वरणातून ती पाच-सहा ग्रॅमच मिळतात. शाकाहारी घरात हे गणित रोज मांडावं लागतं, अनेकांना प्रथिनांची पावडर घ्यावी लागते. साबुदाण्यावर काढलेली एकादशी या शरीराला परवडत नाही.

गोळ्या आयुष्यभर: बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. ही शिस्त मोडली तर लगेच काही होत नाही, धोका त्यातच आहे. शरीरातला साठा संपायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि मग हातापायांना मुंग्या, थकवा, रक्त कमी, ठिसूळ हाडं असं एकेक पुढे येतं. रक्ततपासणी पहिल्या वर्षात काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करायचीच. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, त्यानं बायका घाबरतात. ते बहुधा परत येतात, पण प्रथिनं आणि लोह नीट असेल तर.

बायपासनंतर जिलेबी किंवा श्रीखंड खाल्लं तर काहींना अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरल्याचा हा परिणाम. उलट चिवडा, फरसाण, आइस्क्रीम लहान पोटातूनही सहज उतरतं. दिवसभर चिमूट चिमूट तोंडात टाकत राहिलं तर वजन परत चढतं. तसंही एक-दोन वर्षांनी वजन तळ गाठतं आणि मग थोडं वर येतं. त्या थोड्या वाढीला ‘ऑपरेशन फसलं’ म्हणू नये, पण ती दिसली की लाजून घरी न बसता आहारतज्ज्ञाकडे जावं.

मनाचं कुणी सांगत नाही. दुःखात, कंटाळ्यात जे अन्न सोबत करायचं ते अचानक हातातून जातं. काही जण त्या जागी दारू आणतात, आणि बायपासनंतर ती फार वेगानं चढते. वजन उतरत असतानाही काहींना खोल उदासी येते. सैल कातडी लोंबते, ती काढायला वेगळं ऑपरेशन लागतं आणि विमा सहसा त्याला सौंदर्याचा खर्च मानतो. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ऑपरेशनआधी घेतात, मला वाटतं नंतर ती जास्त गरजेची असते.

पीसीओडीमुळे मूल न राहिलेल्या मुलींची पाळी वजन उतरताच नियमित होते आणि दिवस राहू शकतात. पण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, कारण त्या काळात आईचंच पोषण अपुरं असतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारावा. दुखण्यावरच्या आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बायपासच्या जोडावर अल्सर करतात, तंबाखू आणि सिगारेटही.

ऑपरेशन लपवण्याचा सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. दिवसचे दिवस उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपतं. चालताना तोल जातो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसू लागतं, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशन माहीत असेल तर ते आधी बी-१ टोचतील. पर्समध्ये ऑपरेशनचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि घरातल्या निदान एका माणसाला ती कुठे आहे ते सांगून ठेवा.