सावजी : विणकरांच्या चुलीवरचा रस्सा

सिंदी (मेघे), जि. वर्धा : बाहेरगावच्या पाहुण्याला ‘सिंदीला या’ म्हटले, की तो हटकून सिंदी रेल्वेला उतरायला निघतो. वर्धा शहराला खेटून वाढलेली सिंदी (मेघे) वेगळी, हे त्याला समजावून सांगावे लागते. ‘सावजी’ या शब्दाचा मात्र अर्थ कोणी विचारत नाही. विदर्भातील शहराशहरांत हा फलक दिसतो आणि तो एखाद्या मसाल्याचा प्रकार असावा, असाच अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ‘सावजी’ हे माणसांना आदराने हाक मारण्याचे संबोधन आहे. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातील ही हाक त्यांच्या खाणावळींना चिकटली आणि तेथून रश्श्याला.

हा समाज मूळचा विणकरांचा. वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या नागपुरातील इतवारी, महाल, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांत घरोघरी हातमाग होते. नागपुरी काठाची लुगडी आणि धोतरे या मागांवर निघत. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागाला टिकाव धरणे कठीण होत गेले आणि पुढे यंत्रमागाने उरलेली कसर भरून काढली. माग थांबला, तरी घरातील तोंडे तेवढीच राहिली. अशा वेळी हाताशी उरले ते घरच्या बायकांचे रांधणे. पुढच्या खोलीत बाकडी पडली, मागच्या चुलीवर मोठे पातेले चढले आणि घराचीच खाणावळ झाली. सावजी भोजनालयांपैकी कित्येक आजही एकाच कुटुंबाच्या हाती आहेत, ते यामुळेच.

या रश्श्याची ख्याती तिखटपणाची. नवख्याच्या डोळ्यांतून पहिल्या घासाला पाणी येते, हे खरे. पण तो केवळ मिरचीचा जाळ नव्हे. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि लाल मिरची विदर्भाच्या स्वयंपाकात मुबलक पडते. सावजीत तिच्या जोडीला काळी मिरी, लवंग, दालचिनी, धणे, शहाजिरे, दगडफूल, खसखस आणि सुके खोबरे असते. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजावा लागतो, कारण खसखस क्षणात करपते आणि खोबऱ्याला वेळ लागतो. सगळे एकदम कढईत टाकले, तर अर्धे कच्चे आणि अर्धे जळके निघते. नीट भाजलेले वाटण रश्श्याला तो काळसर रंग देते. दाटपणासाठी अनेक घरांत भाजलेले ज्वारीचे पीठ लावतात. मसाले बत्तीस असतात, असे सर्रास सांगितले जाते. ते बत्तीस कोणते, हे दोन घरांत विचारावे; याद्या जुळणार नाहीत.

तेलाची गोष्ट वर्ध्याच्या वाचकाला जवळची वाटावी. पारंपरिक सावजी स्वयंपाक जवसाच्या तेलातला. त्याला स्वतःचा किंचित कडवट, उग्र वास असतो आणि रश्श्यावरची तरी त्याच्यामुळे वेगळी लागते. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला, तेव्हा गावच्या घाणीचे तेल आणि हातचे उद्योग हेच त्याच्या कार्याचे विषय होते. पुढे विदर्भात सोयाबीन पसरले, जवसाचे क्षेत्र आटले आणि खाणावळींच्या कढईतही दुसरे तेल आले. जुने खवय्ये चव बदलल्याची तक्रार करतात. तिला मसाल्यापेक्षा तेल अधिक कारणीभूत असावे.

ताटाचा थाट साधाच. स्टीलचे ताट, वाटीभर रस्सा, पोळी किंवा ज्वारीची भाकरी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि शेवटी भात. मटणाबरोबरच खूर, कलेजी, बकऱ्याची आतडी, असे स्वस्तातले भागही येथे मानाने शिजतात. विणकराच्या कुटुंबाला बकऱ्यातले काही टाकून देणे परवडणारे नव्हते, हे त्यामागचे सरळ कारण दिसते. शाकाहारी माणसानेही पाठ फिरवू नये. पाटवडीचा रस्सा आणि डाळकांदा त्याच मसाल्यात होतो. बेसनाची पाटवडी रश्श्यात फार वेळ राहिली तर विरघळते, म्हणून ती वाढताना सोडतात. शहाण्याने भाकरी आधी कुस्करून ठेवावी.

नागपुरात सावजी आणि मद्य यांची सांगड अनेकांच्या मनात पक्की आहे. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे, निदान कागदोपत्री तरी, येथील गिऱ्हाईक केवळ जेवायला येते.

खरा प्रश्न नावाचा आहे. ‘सावजी’ हा फलक कोणीही लावू शकतो. पुण्या-मुंबईतही तो झळकतो, दुकानांत सावजी मसाल्याची पाकिटे मिळतात. विणकरांच्या हाकेला असा बाजारभाव आला, पण त्यातला वाटा मूळच्या घरांना मिळतोच असे नाही. त्यातही फलकावर बहुधा आडनाव किंवा पुरुषाचे नाव असते. वाटणाचा अंदाज जिच्या हातात असतो, तिचे नाव गल्लीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. प्रमाण कागदावर नसल्याने ते सासूकडून सुनेकडे पाहून-पाहूनच जाते. शिकलेली सून नोकरीला बाहेर पडली, तर तिला चुलीपुढे बसवण्याचा हट्ट कोणी धरू नये. मग मसाला गिरणीत दळून येतो आणि भाजण्याचे काम पगारी आचाऱ्याकडे जाते. चव अगदीच जाते असे नाही, पण एका खाणावळीचा रस्सा दुसरीसारखा लागू लागतो.

घरगुती भोजनालय ओळखण्याची एक खूण आहे. तेथे दिवसाचे पातेले एकच असते. ते रिकामे झाले की मटण संपले, आणि उशिरा येणाऱ्याला डाळकांद्यावर भागवावे लागते.