समृद्धी सोडा, राजूरची वाट धरा

समृद्धी महामार्गावर ताशी १२० चा वेग मिळतो, पण पाहण्यासारखं हाती फारसं लागत नाही. जालन्यात रस्त्याची मजा घ्यायची, तर गाडी उत्तरेला वळवा.

पहिला थांबा राजूर. जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटर. टेकडीवरचा महागणपती प्रसिद्ध. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, हा रस्ता मात्र टाळलेलाच बरा. पुढे केळना नदीकाठी भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी साम्य दाखवते.

जवळच असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा इथे आर्थर वेलस्लीनं पराभव केला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, हा त्याचा अंदाज खरा ठरला आणि लढाईचं पारडं फिरलं. आज तिथे शेतंच आहेत. स्मारकाच्या अपेक्षेनं जाल तर हिरमोड होईल. वेळ उरला तर अन्व्याचं हेमाडपंती मंदिर पाहून अजिंठ्याकडे निघता येतं.

दक्षिणेला जायचं असेल, तर अंबडची मत्स्योदरी देवी आणि समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. वाटेत मोसंबीच्या बागा.

पावसाळा सरताना जा, पण डांबरी सोडून गाडी काळ्या रानात घालू नका. ओली काळी माती चाक सोडत नाही, मग ट्रॅक्टरवाल्याची विनवणी करावी लागते.