नाक्यावरची सायकल: कडेला राहिलं की सुरक्षित?

वसईत पाववाल्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत कितीतरी जण सायकलवर असतात. सरळ रस्ता त्यांना अंगवळणी पडलेला असतो. धोका असतो तो चौकात. आणि चौकाबद्दलच आपले गैरसमज सगळ्यात पक्के.

पहिला म्हणजे, ‘सायकलवाल्याने कडेकडेनेच जावं.’ सरळ रस्त्यावर ठीक आहे, नाक्यावर हाच सल्ला घात करतो. तुम्हाला सरळ जायचंय, शेजारच्या टँकरला डावीकडे वळायचंय. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर. डाव्या दाराखालची सायकल त्याला दिसतच नाही. शिवाय लांब गाडी वळताना तिची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. म्हणजे टँकर आणि फुटपाथ यांच्यामधली मोकळी फट हीच सगळ्यात वाईट जागा. राष्ट्रीय महामार्ग 48 वरच्या वसई फाट्यावर किंवा विरार फाट्यावर कंटेनर-डंपरच्या डावीकडून पुढे घुसूच नका; मागे थांबा, त्याला वळू द्या. लहान चौकात सरळ जायचं असेल, तर मागे बघून, हात दाखवून आधीच लेनच्या मध्यावर या. ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. तिथल्या 2022 च्या सुधारित हायवे कोडमध्ये चौकाजवळ सायकलस्वारांना नेमका हाच सल्ला आहे.

‘राँग साइडने गेलं की समोरची गाडी दिसते.’ तुम्हाला दिसते हो, पण गल्लीतून बाहेर पडणारा रिक्षावाला उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही येता डावीकडून.

‘उजवीकडे वळायचं तर गाड्यांसोबत मधूनच वळावं लागतं.’ मुळीच नाही. डावीकडून सरळ चौक ओलांडा, पलीकडे थांबा, सायकल वळवा आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की निघा. मिनिटभर जास्त लागेल. फारच गर्दी असेल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून चालत जा, त्यात कमीपणा कसला?

सायकलला लायसन्स लागत नाही, म्हणून सिग्नलही लागू नाही, असं समजणारे तर ढिगाने सापडतात. लाल दिवा सायकललाही लाल.

आणि गाडी चालवणाऱ्यांनो, डावीकडे वळण्याआधी इंडिकेटर द्या आणि डाव्या आरशात बघा. सायकल शेजारी असेल तर आधी तिला जाऊ द्या.