शीतखोली गार होत नाही? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे बघा



पेण-रोह्यात ज्यांनी एसी आणि कंट्रोलरवर छोटी शीतखोली केली आहे, त्यांच्यासाठी आजचा सल्ला. "खोली 18 च्या खाली येतच नाही" असे फोन येताहेत. पुष्कळदा मशीन चांगलं असतं, चूक बसवण्यात असते.

*काम कसं चालतं?*
एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. साधा एसी 16 अंशांवर थांबतो. कंट्रोलर त्याच्या सेन्सरला थोडी ऊब देऊन फसवतो, म्हणून तो पुढेही चालत राहतो.

*बसवताना*
1) बाहेरचं युनिट सावलीत, पण मोकळ्यावर ठेवा. बंद पडवीत किंवा पेंढ्याजवळ नको. समोर आडोसा असेल तर फेकलेली गरम हवा ते परत ओढतं.
2) पॅनेलचे सांधे, पाइपची भोकं फोम-सिलिकॉनने बुजवा. आपली हवा दमट. फटीतून बाष्प शिरतं आणि कॉइलवर बर्फ धरतो.
3) पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार द्या.
4) कंट्रोलरचा एक सेन्सर खोलीच्या हवेत, दुसरा कॉइलच्या पात्यांत घट्ट बसवा. दुसरा निसटला तर बर्फ धरलेला कंट्रोलरला कळत नाही.
5) अर्थिंग, वेगळा एमसीबी आणि स्टॅबिलायझर हवाच.

*बिघाड शोधताना*
🔹 *कॉइलवर बर्फ:* कूलिंग बंद, फक्त पंखा चालू ठेवा. पूर्ण वितळू द्या. सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की गॅस गेला. मग फिल्टर धुवा, सेन्सर आणि दाराचं रबर बघा. हे सगळं ठीक असून पुन्हा बर्फ धरला तर गॅस कमी असू शकतो. आता मेकॅनिक बोलवा.
🔹 *बर्फ नाही, तरी गार नाही:* बाहेरचा पंखा फिरतोय का? जाळीत धूळ-कचरा असेल तर मेन स्विच बंद करून हलक्या पाण्याने धुवा.
🔹 *पॅनेलला बाहेरून एकाच जागी पाणी सुटतं:* तिथे सांधा उघडा आहे किंवा फोम कमी आहे.
🔹 *रात्री ठीक, दुपारी नाही:* छपरावर ऊन येतंय किंवा माल गरम भरलाय. तोडणी सकाळी करा, क्रेट आधी सावलीत निववा, खोली टप्प्याटप्प्याने भरा. क्रेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.
🔹 *लाईट गेली:* दार उघडू नका. लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून एसी लावा.

*सगळ्यात महत्त्वाचं*
कच्चा हापूस 13 अंशांवर ठेवा. "अजून गार केला तर अजून टिकेल" हा हिशोब आंब्याला चालत नाही. जास्त थंडीने साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. हे नुकसान आत दिसत नाही, पेटी गिऱ्हाईकाच्या घरी उघडल्यावर दिसतं. 2018 पासून हापूसच्या भौगोलिक मानांकनात आपला रायगडही आहे, ते नाव जपायचं आपल्याच हातात आहे.
कारली, काकडीला 10 ते 12 अंश पुरे. पिकता आंबा त्यांच्या शेजारी ठेवू नका, त्याच्या वायूने ती पिवळी पडतात.

डिस्प्लेवर भरवसा न ठेवता क्रेटमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा. तरीही अडलं तर कॉइल, बाहेरचं युनिट आणि थर्मामीटर, असे तीन फोटो ग्रुपवर टाका. बघून लगेच सांगते.

– तुमची कृषी सल्लागार 🌱