चाबूक, घोडा आणि होमी वाडिया

बोलपटांची चर्चा निघाली की सुशिक्षित घरांत ‘प्रभात’चे नाव आदराने घेतले जाते, मारामारीच्या चित्रपटांचा विषय निघाला की मात्र नाके मुरडली जातात. पण ज्या गृहस्थाने अशा चित्रपटांपायी उभी हयात वेचली, त्या होमी वाडियांची कहाणी नाक मुरडण्याजोगी खास नाही!

वाडिया हे मुंबईतील जहाजबांधणीचे नामांकित पारशी घराणे. थोरले बंधू जे. बी. एच. आणि १९११ साली जन्मलेले होमी यांनी १९३३ मध्ये ‘वाडिया मूव्हीटोन’ काढली. भांडवल बेताचे. तेव्हा घोडा, मोटार आणि आगगाडी यांनाच त्यांनी नटांच्या पंक्तीला बसवले!

१९३५ साली होमींचा ‘हंटरवाली’ तयार झाला. नायिका नादिया ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सर्कशीत काम केलेली. बुरखा चढवून, हाती चाबूक घेऊन दुष्टांना लोळवणारी ही गोरी बाई आपल्या लोकांना रुचेल काय, या शंकेने वितरक बिचकले. वाडिया बंधूंनी हिंमत धरून चित्रपट लावला आणि पिटातल्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पडद्यावरच्या स्त्रीने सोसायचे आणि डोळे पुसायचे, अशा त्या काळात ही बाई धटिंगणांना उचलून आपटत होती! १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तर ती आगगाडीच्या टपावर झुंजली.

पुढे थोरल्या बंधूंचे मन सामाजिक चित्रपटांकडे ओढले. होमी आपला प्रेक्षक सोडीनात. १९४२ साली त्यांनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली. परळची जुनी वास्तू व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तेथे ‘राजकमल’ उभे राहिले. होमींनी मात्र ‘हातिमताई’ (१९५६), ‘झिंबो’ (१९५८) असे जादूचे व साहसाचे खेळ मांडणे चालूच ठेवले.

पडद्यावर क्षणात निकाल लावणाऱ्या या जोडीला संसारासाठी मात्र फार थांबावे लागले. होमींच्या आईचा विरोध होता. तिच्या हयातीत त्यांनी तिचे मन मोडले नाही, आणि नादियाचा हातही सोडला नाही. विवाह झाला तो १९६१ साली! तोवर ‘हंटरवाली’ला २६ वर्षे लोटली होती.

१९९३ मध्ये जे. बी. एच. यांचे नातू रियाद वाडिया यांनी नादियावर माहितीपट काढला आणि नव्या पिढीला तिची ओळख झाली. नादिया १९९६ साली गेल्या, होमी २००४ साली.

चार आण्यांच्या प्रेक्षकालाही शौर्याचे स्वप्न हवे असते, हे होमींनी ओळखले. आणि त्या स्वप्नाची नायक त्यांनी एक स्त्री केली. हे श्रेय थोडे का आहे?